वाचनालयातल्या वाचक-शिफारशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांसाठी आहेत, आणि देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्यांसाठीही. बहुतेक प्रश्न दोघांकडूनही येतात, फक्त सूर वेगळा असतो.

मला परीक्षण लिहिता येत नाही. शिफारस कशी लिहू?

परीक्षण येत नसेल तर बरंच आहे. परीक्षण पुस्तकाबद्दल असतं, शिफारस पुढच्या वाचकासाठी असते. त्याला कपाटासमोर उभं राहून एवढंच ठरवायचं असतं की हे घरी न्यावं की ठेवून द्यावं. त्यासाठी चार गोष्टी पुरतात: पुस्तक कशाबद्दल आहे, सुरुवात कशी आहे, कोणाला आवडेल आणि कोणाला आवडणार नाही. चौथी गोष्ट लोक संकोचाने गाळतात, पण सगळ्यात उपयोगी तीच.

४० ते ६० शब्द लिहा. 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारे', 'संग्रही असावे असे' हे शब्द खोडून टाका आणि मग काय उरतं ते पाहा. काहीच उरलं नाही, तर शिफारस अजून लिहायची आहे. हा एक काल्पनिक नमुना:

'साखर कारखान्याच्या निवडणुकीवरची कादंबरी. पहिली ५० पानं माणसांची नावं लक्षात ठेवण्यात जातात, मग वेग येतो. संवाद बोलीत आहेत. अडलं तर मोठ्याने वाचा, लगेच उलगडतं. मारहाणीची दोन प्रकरणं आहेत. झोपण्यापूर्वी थोडं थोडं वाचणाऱ्यांनी घेऊ नये, धागा सुटतो.'

यात लेखकाची थोरवी कुठेही नाही. तरीही घ्यायचं की नाही ते कळतं.

शिफारस ज्या कार्डावर लिहायची, त्यावर कोणत्या नोंदी हव्यात?

पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक आणि मूळ भाषा, पानांची संख्या, आवृत्तीचं वर्ष, शिफारशीचा मजकूर, तारीख, वाचकाचं नाव किंवा टोपणनाव. आणि दाखल क्रमांक. बाकी एखादी नोंद राहिली तरी चालेल, दाखल क्रमांक राहता कामा नये.

दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा दाखल नोंदवहीत त्याला मिळालेला आकडा. तो शीर्षकपानाच्या मागे शिक्क्यात असतो, आणि बऱ्याच ठिकाणी आत एका ठरावीक पानावरही. प्रत्येक प्रतीचा क्रमांक वेगळा. कण्यावरच्या चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे वर्गांक, पुस्तकाच्या विषयाचा आकडा, तो निराळा. ड्युई दशांश पद्धत वापरणाऱ्या वाचनालयात मराठी कथा-कादंबऱ्यांचा वर्गांक ८९१.४६३ ने सुरू होतो. वर्गांक तुम्हाला कपाटापर्यंत नेतो, पण तिथे त्याच वर्गांकाची शेकडो पुस्तकं उभी असतात. दाखल क्रमांक थेट त्या प्रतीवर नेतो.

आवृत्तीचं वर्ष यासाठी की 'सुधारित' आणि 'संक्षिप्त' आवृत्त्या एकाच नावाने शेजारी-शेजारी असतात. ७०० पानांचं पुस्तक म्हणून शिफारस वाचायची आणि हाती २०० पानांचा संक्षेप पडायचा, हे वरचेवर होतं. एकाच परदेशी पुस्तकाचे दोन-तीन मराठी अनुवादही असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून अनुवादकाचं नाव.

कार्ड कोणत्या मापाचं? कुठे ठेवायचं?

ए-फोर कागदाचे चार समान भाग केले की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. कागद १८० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) घ्या. साधा ७० जीएसएमचा कागद आठवड्याभरात कुरतडल्यासारखा दिसायला लागतो. १०० कार्डांना २५ कागद लागतात.

कार्ड पुस्तकावर चिकटवू नका. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा पुठ्ठ्यावर उतरतो आणि शेजारचं पुस्तक त्याला चिकटतं. स्टेपलरची पिन कोकणात एका पावसाळ्यात गंजते आणि पानाला तांबूस भोक पाडून जाते. टाचणीचंही तेच.

कार्ड पुस्तकात ठेवलं तर पुस्तकाबरोबर जातं आणि परत येताना येत नाही. म्हणून कार्ड वाचनालयातच राहू द्या आणि पुस्तकात फक्त कागदाची एक अरुंद पट्टी ठेवा: 'या पुस्तकाची वाचक-शिफारस डब्यात आहे.' पट्टी हरवली तर दुसरी ठेवायची, बिघडत काही नाही. बुटांच्या खोक्याला मधे पुठ्ठ्याचे कप्पे केले की डबा तयार.

हा डबा विषयवार लावण्यापेक्षा लोक टेबलापाशी येऊन काय मागतात, त्यानुसार लावावा असं आमचं मत आहे. कोणीही 'सामाजिक कादंबरी द्या' म्हणत नाही. लोक म्हणतात: 'काहीतरी हलकं द्या', 'प्रवासात वाचायला हवंय', 'मागच्या वेळसारखंच दुसरं आहे का?', 'आईला वाचून दाखवायचंय', 'भूत-बीत असलं तर बघा'. हेच शब्द कप्प्यांवर लिहा.

आमच्याकडे कपाटं बंद असतात. तिथे याचा काय उपयोग?

तिथेच जास्त. मुक्त प्रवेश असला, म्हणजे वाचकाला थेट कपाटापाशी जाता येत असलं, की तो पुस्तक चाळून पाहतो. बंद कपाटांच्या वाचनालयात त्याच्यासमोर फक्त यादी असते आणि यादीत फक्त नावं. नावावरून पुस्तक कळत नाही. प्रवासवर्णन समजून नेलेला कवितासंग्रह दुसऱ्या दिवशी परत येतो. कार्डांचा डबा हीच त्या वाचकाची खिडकी.

शिफारस झालेलं पुस्तक कायम बाहेरच असतं. असं का होतं?

हिशोब करून पाहा. प्रत एक, देवघेवीची मुदत १५ दिवस, मागणी ८ जणांची. शेवटच्या वाचकाचा नंबर लागेपर्यंत आधीचे सात जण १०५ दिवस घेतात, म्हणजे साडेतीन महिने. तेही सगळ्यांनी मुदतीत परत केलं तर. तोवर त्याचा उत्साह संपलेला असतो, आणि उपक्रमावरचा विश्वासही. शिफारशींचे उपक्रम बंद पडतात ते शिफारशी कमी पडल्याने नाही, पुस्तक हाती न लागल्याने.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदम करावे लागतात. पहिला: मागणीची वही. तारीख, सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक लिहायचा. पुस्तक परत आलं की वहीतल्या पहिल्या वाचकाला फोन, आणि पुस्तक त्याच्यासाठी तीनच दिवस टेबलामागे राखून ठेवायचं. चौथ्या दिवशी पुढचा. दुसरा: रांगेत चारपेक्षा जास्त माणसं झाली की त्या पुस्तकाची मुदत ७ दिवस करायची आणि मुदतवाढ बंद. वरच्या उदाहरणात १०५ दिवसांचे ४९ होतात. तरीही रांग हटली नाही तर दुसरी प्रत मागायची. तिसरा: प्रत्येक कार्डाच्या मागे 'हे मिळेपर्यंत' म्हणून त्याच जातीची दोन पुस्तकं लिहायची, आणि तीही वाचनालयात आहेत याची खात्री करून.

वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर पुस्तक जाहीर करण्याआधी प्रत आत आहे का ते पाहा. बाहेर असलेल्या पुस्तकाची जाहिरात करू नये.

संगणकावर नाव घातलं तर 'नोंद नाही' येतं, पण पुस्तक समोर कपाटात दिसतं!

बहुतेक वेळा दोष नोंदीच्या अक्षरांत असतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत. जुन्या नोंदी ती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच चिन्हं असतात. तुम्ही मोबाइलच्या कळफलकावरून टाइप केलेलं नाव त्यांच्याशी जुळत नाही. युनिकोडमध्येही सापळे आहेत. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, आणि 'अ' ला वर चंद्र जोडूनही. डोळ्यांना सारखं दिसतं, शोधाला नाही. 'ऱ्या'चंही तसंच. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ नोंद करणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे, आणि लेखकाचं आडनाव कधी आधी, कधी नंतर.

म्हणून पूर्ण नाव घालू नका. नावातला जोडाक्षर, वेलांटी, उकार नसलेला एखादा तुकडा घालून पाहा, किंवा लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. त्यानेही जमलं नाही तर दाखल क्रमांक; आकडे सहसा दगा देत नाहीत. आणि अशी चुकलेली नोंद सापडली की ग्रंथपालांना चिठ्ठी द्या. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं.

वाचनालयात नसलेलं पुस्तक सुचवायचं असेल तर?

त्याला खरेदी-सूचना म्हणतात, तिची वही वेगळी ठेवा. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, किंमत आणि मिळाला तर आयएसबीएन (पुस्तकाच्या मागे छापलेला त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहा. नुसतं 'ते नवीन आलेलं पाणीप्रश्नावरचं' एवढ्यावर कोणीही खरेदी करू शकत नाही.

सूचना ग्रंथनिवड समितीकडे जाते. अनुदानपात्र वाचनालयात अनुदान हप्त्यांनी येतं आणि खरेदीही त्या सुमारास होते, त्यामुळे सहा महिने वाट पाहावी लागली तर कोणी हेतुपुरस्सर डावललं असं समजू नका. मराठीत आवृत्त्या लहान असतात. दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक 'आवृत्ती संपली' म्हणून न मिळणं नेहमीचं. अशा वेळी जवळच्या जिल्हा ग्रंथालयात किंवा मोठ्या जुन्या संस्थेत चौकशी करा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. दुकानातून गेलेलं पुस्तक अशा ठिकाणी सापडण्याची शक्यता जास्त.

घरातली पुस्तकं भेट देणार असाल तर आधी यादी द्या. न विचारता आणलेल्या पोत्यात बहुधा जुनी पाठ्यपुस्तकं, मार्गदर्शकं आणि वाळवी निघते.

महिन्याचा वाचक कट्टा कसा घ्यावा?

१० ते १२ माणसं, ७५ मिनिटं, महिन्यातला ठरलेला वार. 'दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच' असं एकदा ठरलं की बदलू नये. दर वेळी सोयीने ठरवलेला कट्टा तिसऱ्या महिन्यात मोडतो. ज्येष्ठ सभासद जास्त असतील तर अंधार पडायच्या आत संपवा.

वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला प्रत्येकाला चार मिनिटं. बारा जणांची ४८ होतात, उरलेली २७ प्रश्नांना आणि चहाला. पुस्तक हातात असलंच पाहिजे, कारण नुसतं ऐकलेलं नाव घरी जाईपर्यंत विसरतं. अर्ध्या पानापेक्षा जास्त वाचून दाखवायचं नाही. शेवट फोडायचा नाही. कट्टा संपल्यावर ती पुस्तकं तिथल्या तिथे देवघेवीला खुली करावीत. 'उद्या या' म्हटलं की निम्मी माणसं येत नाहीत.

काय बिघडतं? एक जण पंचवीस मिनिटं बोलतो. बाकीचे सभ्यतेने ऐकतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. वेळ सांगायचं काम माणसाकडे देऊ नका, टेबलावरच्या घंटीकडे द्या. वयाने मोठ्या माणसाला थांबवणं मराठी माणसाला जमत नाही, घंटीला जमतं. दुसरा धोका स्वरचित कवितांचा. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि तो मनापासून ठेवा, म्हणजे कट्ट्यावर कोणाला नाही म्हणावं लागणार नाही.

न आवडलेल्या पुस्तकाबद्दल लिहावं का?

लिहावं, कारण देऊन. 'भिकार' हे कारण नाही. 'तीच घटना तीन प्रकरणांत पुन्हा सांगितली आहे' हे कारण आहे. लेखकाची जात, पक्ष किंवा खासगी आयुष्य यांवर लिहिलेलं कार्ड डब्यात जात नाही. कधी कधी नापसंतीच्या कार्डानेच पुस्तक उठतं: 'फार तपशील, यंत्रांची वर्णनं संपतच नाहीत' हे वाचून एखादा निवृत्त फिटर ते आनंदाने घरी नेईल.

मी माझ्याच पुस्तकाची शिफारस करू शकतो का?

नाही. ते सूचना फलकावर लावा. नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या पुस्तकाबद्दल लिहायचं असेल तर नातं कार्डावर लिहा.

व्हॉट्सॲपवर गट करावा का?

करावा, पण साध्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो हे लक्षात घ्या. बऱ्याच सभासदांना, विशेषतः महिलांना, ते नको असतं आणि त्या काही न बोलता बाहेर पडतात. चॅनेल केलं किंवा कम्युनिटीतला घोषणांचा गट वापरला, तर सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि संदेश फक्त चालवणारेच टाकू शकतात. सुप्रभातचा प्रश्नही आपोआप मिटतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जास्तीत जास्त तीन पुस्तकं. मुखपृष्ठाचा फोटो, पाच ओळी, दाखल क्रमांक, आणि 'आत आहे' किंवा 'बाहेर आहे'. रोज टाकलं तर लोक गट मूक करतात, मग टाकलं काय नि न टाकलं काय.

त्या गटावर पुस्तकाची पीडीएफ टाकली तर चालेल?

चालणार नाही. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं, त्यामुळे त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. हा हिशोब प्रत्येक लेखकासाठी वेगळा करावा लागतो. अनुवादात आणखी एक गाठ असते: मूळ लेखक कधीच मुक्त झालेला असेल, पण अनुवादकाचा हक्क शिल्लक असू शकतो. 'शैक्षणिक हेतूने' असं वर लिहिल्याने काही बदलत नाही. शिफारशीत छोटा उतारा द्यायला हरकत नाही. अख्ख्या कथेच्या पानांचे फोटो हा उतारा नव्हे.

लहान मुलांच्या शिफारशी कशा घ्याव्या?

त्यांच्याच हातच्या. आईने सुवाच्य अक्षरात लिहिलेलं 'या पुस्तकातून मला प्रामाणिकपणाचे महत्त्व कळले' हे कार्ड दुसरं मूल वाचत नाही. बालविभागाच्या कार्डावर दोनच जागा ठेवा: चित्रासाठी मोठा चौकोन आणि 'हे तू कोणत्या मित्राला देशील? का?' शुद्धलेखन तपासू नका.

'८ ते १० वर्षं' असे वयाचे शिक्के फारसे कामाचे नाहीत. सेमी-इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमातलं दहा वर्षांचं मूल मराठी हळू वाचतं आणि 'छोट्यांचं' पुस्तक हातात दिलं की लाजतं. त्यापेक्षा अक्षर मोठं आहे का, पानावर मजकूर किती, जोडाक्षरं किती, हे लिहा. मुलाचं फक्त पहिलं नाव. आडनाव, शाळा, फोटो नको.

दिवाळी अंकांचं काय?

अंकाची शिफारस करू नका, लेखाची करा. पान क्रमांक लिहा. मुदत तीन-चार दिवसांची असते, तेवढ्यात ३०० पानं कोणी वाचत नाही. 'पान ११२ ची कथा आणि मग व्यंगचित्रं' एवढं सांगितलं तरी अंक सार्थकी लागतो. फेब्रुवारीनंतर ही कार्डं काढून अंकाच्या बांधणीत घालावीत. पुढे दहा वर्षांनी कोणी तो गठ्ठा उघडलाच, तर त्याला वाट सापडेल.

वयस्कर किंवा घराबाहेर न पडणाऱ्या वाचकांसाठी काही वेगळं लिहावं लागतं का?

टाइपाचा आकार आणि पुस्तकाचं वजन. पडून वाचणाऱ्याच्या हाताला किलोभराचा ग्रंथ पेलत नाही, तोच मजकूर दोन खंडांत असेल तर पेलतो. पिवळट कागदावर फिकट छपाई असेल तर तसं लिहा. दमा असलेल्यांसाठी कुबट वास येतो का तेही लिहा. पावसाळ्यानंतर बुरशीची धूळ पानांत राहते. अशा पुस्तकावर ऊन दाखवायचा उपाय लोक करतात, पण कडक उन्हाने कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर उभं उघडून ठेवा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा.

हे पुस्तक सध्या कोणाकडे आहे, सांगता का? मी थेट त्यांच्याकडून घेईन.

नाही सांगत. कोण काय वाचतं ही त्याची खासगी गोष्ट आहे. घटस्फोट, आजार, कर्ज, लैंगिकता अशा विषयांवरची पुस्तकं लोक याच भरवशावर नेतात. अशा पुस्तकांची कार्डं निनावी घ्यावीत. शिवाय परस्पर दिलेलं पुस्तक पहिल्याच्याच खात्यावर राहतं, आणि हरवलं की भांडण टेबलापाशी येतं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळात, वाचनालयाशिवाय, हे करता येईल?

येईल, पेटीच्या रूपाने. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने हेच केलं: १०० पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे, काही महिन्यांनी तिची दुसऱ्या गटाशी अदलाबदल. पेट्या परदेशांतही गेल्या. आपली पेटी करणार असाल तर शिफारस-कार्डं पेटीतच ठेवा आणि तिच्याबरोबर पुढच्या गटाकडे जाऊ द्या. यादी झाकणाच्या आतून लावा. सुटा कागद पहिल्याच मुक्कामात हरवतो.

शिफारशींचा उपयोग होतो आहे हे कसं कळणार?

कार्ड लागण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत ते पुस्तक किती वेळा गेलं आणि नंतरच्या तीन महिन्यांत किती, एवढी तुलना पुरते. पुस्तकात चिकटवलेल्या, परतीच्या तारखा मारायच्या तारीखपत्रकावरूनही ती करता येते.

पण मोजायचंच असेल तर झोपलेली पुस्तकं मोजा, म्हणजे दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली. गाजलेल्या पुस्तकाला कार्डाची गरज नसते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं तिसरं आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. दर महिन्याला कपाटातून अशी दहा पुस्तकं काढा, दहा सभासदांना एकेक द्या आणि सांगा, ३० पानं वाचा आणि काहीही असो, कार्ड लिहा. काही पुस्तकं खरोखरच झोपण्याच्या लायकीची निघतील. निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी पुस्तकं नोंदीतून कमी करण्याच्या वेळी समितीला त्या कार्डांची मदत होते. काही उठतील.

कार्डं किती दिवस बाहेर ठेवावीत?

टेबलाशेजारच्या मांडणीवर २० ते २५ पुस्तकं त्यांच्या कार्डांसह, दर पंधरवड्याला त्यातली आठ बदलायची. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला एकदम ऐंशी कार्डं येतात आणि मग नाताळापर्यंत एक नाही. ती सगळी त्याच दिवशी लावून टाकू नका. पुढच्या पंधरवड्यांसाठी राखून ठेवा.